तात्यांचं विमान

परवा नातीला शाळेतून एक काम दिलं होतं. जगातली लांबची कुठलीही दोन शहरं घ्यायची, त्यांच्यात विमानाने किती अंतर पडतं आणि किती वेळ लागतो ते काढायचं. बाकीच्या मुलांनी लंडन आणि न्यूयॉर्क आधीच घेऊन टाकलं होतं, म्हणून ती मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. "आजी, तू सांग ना दोन नावं." मी म्हटलं, मुंबई आणि त्रिपोली. त्रिपोली तिने ऐकलेलं नव्हतं. लिबियात आहे, म्हटलं, वाळवंटाच्या कडेला, समुद्रावर. तिने बोटं चालवली आणि सांगितलं, "सहा हजार किलोमीटरच्या आसपास. सरळ विमान असेल तर आठ तास." मी म्हटलं, "नीट बघ. चार दिवस लागतात." ती खो खो हसली. "आजी, चार दिवसांत विमान पृथ्वीला दोन चकरा मारून येईल!" तिचं गणित बरोबर असणार. पण मी लग्नाच्या वेळी त्याच वाटेवरच्या एका विमानाची चार दिवस वाट पाहिली आहे, आणि ते विमान आमचे तात्या चालवत होते. तात्यांना बैलगाडीखेरीज काही चालवता येत नव्हतं, हा भाग वेगळा.

आमचं घर निरगुडसरच्या मळ्यात होतं. गावापासून हाकेच्या अंतरावर नाही, पण जोराने आरोळी मारली तर पोचेल एवढं. अंगणाच्या एका बाजूला आमच्या चार खोल्या, समोर तात्यांच्या तीन, मध्ये गोठा. विहीर एक आणि चुली दोन. आबा म्हणजे माझे वडील, तात्या त्यांचे धाकटे भाऊ. आबांचं सगळं बोलणं बैलांशी संपून जायचं, माणसांसाठी फारसं उरायचं नाही. तात्या दोघांचं मिळून बोलायचे. भावकीत, बाजारात, सोयरिकीच्या बैठकीत तोंड उघडायचं ते तात्यांनी आणि मान हलवायची ती आबांनी. आई म्हणायची, "देवानं या घराला एकच तोंड दिलं, आन् ते पलीकडच्या चुलीवर गेलं." ती हे हसत म्हणायची. त्या घरात हसणं बरंच होतं, हे मला आज मुद्दाम लिहून ठेवायला लागतंय, कारण नंतरचं आठवताना ते विसरायला होतं.

हसण्याचं मूळ म्हणजे सोपानदादा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, अंगाने आडवा आणि आवाजाने त्याहून आडवा. तो विहिरीवर अंघोळ करायला लागला की रस्त्याने जाणाऱ्याला कळायचं. शाळा त्याला मानवली नाही. डिंभ्याला धरणाचं काम चाललं होतं, तिथे तो आधी ऑइलचे डबे उचलायला लागला, मग साहेबांच्या पाठी लागून डोझर चालवायला शिकला. शनिवारी घरी यायचा तो डिझेलचा वास घेऊनच. आई पाणी तापवायची, तो ओट्यावर बसून सांगायचा की आज अमुक टेकाड ढकललं, उद्या तमुक ढकलणार. डोंगर ढकलणारा भाऊ माझ्या एकाही मैत्रिणीला नव्हता. मग धरणावरच्या कुणा ओळखीने त्याला त्रिपोलीला नेलं. तिकडे पाण्याच्या मोठमोठ्या पाइपांसाठी वाळवंटात चर खणत होते आणि डोझरवाले हवे होते. विमानतळावर सोडायला तात्या गेले. काचेच्या अलीकडून त्यांनी विमान पाहिलं आणि परत आल्यावर महिनाभर गावाला तेच सांगितलं: पोटात दोन एसट्या मावतील, शेपटीवर चार माणसं झोपतील. तेव्हापासून विमान या विषयातले गावातले जाणकार म्हणजे तात्या.

दादाने सुट्टीवर येणाऱ्या खेडच्या एका माणसाबरोबर टेपरेकॉर्डर पाठवला, आणि मग दोन-तीन महिन्यांनी अशीच कुणाबरोबर कॅसेट यायची. दिवेलागणीला सगळे ओट्यावर जमायचे. तात्या बटण दाबायचे. आधी नुसती खरखर, मग दादाचा आवाज, "ऐकू येतंय का?" आणि आई दर वेळी उत्तर द्यायची, "येतंय रे बाबा, बोल." तो वाळूबद्दल सांगायचा, तिथल्या भाकरीएवढ्या जाड रोटीबद्दल सांगायचा. प्रवासाचंही सांगितलं होतं. मुंबईत बसायचं, कुवेतला उतरायचं, तिथे बाकड्यावर पडून काढायचं, मग दुसरं विमान. "आख्खा एक दिस नि रात जाती. बसून बसून बूड चपटं व्हतं," असं तो म्हणाला आणि आईने तात्यांसमोर पदर तोंडाला लावला. शेवटी माझ्यासाठी निरोप असायचा. "इमल, तुझ्या नवऱ्याचा कान मी असा पिळणार हाय, की त्यो जलमभर तुझंच ऐकंल."

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट नांदव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. नवरदेव मग त्याला टोपी-उपरणं, कुणी ऐपतदार असेल तर कापड देतो. सगळ्या लग्नात हसू येण्यासारखा तेवढाच विधी. मला लोणीचं स्थळ सांगून आलं तेव्हा मी एकच अट घातली होती, आणि तात्यांसमोर घातली होती. दादा सुट्टीवर येईल तेव्हाच लग्न. तात्या म्हणाले, "आगं तुझ्या भावाबिगर आमी तरी कसं करू?" लोणीकरांनीही मानलं. दादाची सुट्टी वैशाखात मंजूर झाली, तो पोचल्यावर चार दिवस सोडून तारीख धरली. म्हणजे लग्नाची तिथी भटजींनी काढली नव्हती, दादाच्या साहेबाने काढली होती.

तो येणार त्या दिवशी आईने मासवड्या केल्या. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, खोबरं, कांदा, लसूण भरायचा, फडक्यासकट वळायचं आणि माशासारख्या वड्या कापायच्या. वेळखाऊ काम. दादाला त्या इतक्या आवडायच्या की तो रस्सा ताटात घेण्याआधी नुसत्याच चार खायचा. तात्या पहाटेच नारायणगावला गेले, तिथून जीप ठरवून मुंबईला जाणार होते. पण दुपारी जेवणाच्या आधीच ते परत आलेले मी पाहिले. एकटेच. ते घराकडे आले नाहीत, बांधावरून सरळ खालच्या वावरात गेले, जिथे आबा होते. लांबून मला एवढंच दिसलं की दोघे समोरासमोर उभे आहेत, आणि मग आबा खाली बसले. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

वाचणाऱ्याला कोड्यात ठेवायची मला हौस नाही. ती हौस तात्यांची. नारायणगावच्या ज्या आडत्याला आम्ही कांदा घालत होतो त्याच्याकडे फोन होता, आणि दादाने कंपनीत तोच नंबर दिलेला होता. मुंबईच्या कचेरीतून आदल्या संध्याकाळी फोन आला होता. चराच्या कडेला डोझर कलंडला. दादा खाली सापडला. जागीच गेला. शेवटची पाळी होती, दुसऱ्या दिवशी त्याला निघायचं होतं.

मला मात्र तात्यांनी तांब्याभर पाणी पिऊन, मिशी पुसून सांगितलं, "इमान लेट हाय. तिकडं वाळूचं वादळ उठलंय. फोन आला व्हता आडत्याकडं." फोन आला होता, हे खरंच होतं. चांगलं खोटं बोलणारा थोडं खरं हाताशी ठेवतो. आईने विचारलं, "मग मासवड्या?" तात्या म्हणाले, "झाकून ठिवा, वैनी." आणि तोंड फिरवून गेले.

त्या संध्याकाळी तात्यांच्या घरात भावकीतले चार जण बसले. तिथे काय बोलणं झालं ते मला पुढे तात्यांच्या मुलाने, भानुदासने सांगितलं. तो दाराशी उभा होता. एका म्हाताऱ्याने विचारलं, सुतकाचं काय? सुतकात लग्न लागायचं नाही. त्यावर तात्या म्हणाले, "सुतक कानावर आल्यावर लागतं, बाबा. येवढ्या लांबचा सांगावा. फोन लागला म्हून आज कळलं. न्हाई लागला असता तर? तार यायला धा दिस लागलं असतं. तवर अक्षता पडून पोर नांदायला गेली असती. आपुन समजायचं, फोन लागलाच न्हाई." म्हाताऱ्यांना ते पटलं. पटणारच होतं. आमच्या भागात अक्षता पडेपर्यंत मरण झाकून ठेवायची रीतच आहे. खालच्या आळीत एका घरी मांडवाच्या दिवशी आजा वारला, तर त्याच्या अंगावर वाकळ घालून 'जरा पडलेत' म्हणून सांगितलं होतं, आणि वरात वेशीबाहेर गेल्यावर घरात हंबरडा फुटला. कुणी त्याला वाईट म्हटलं नाही, उलट त्या घरच्या माणसांचं कौतुक झालं. माणूस शेजारच्या खोलीत मेला तरी लपवता येतो, तर सहा हजार किलोमीटरवरचा लपवायला काय लागतं? तात्या शेवटी म्हणाले, "आन् लग्न मोडलं तर पोरीच्या नावानं काय बोलत्याल म्हाईताय का? पायगुणानं भाऊ खाल्ला म्हणत्याल. जलमभर घरात बसंल ती." म्हणजे हे सगळं माझ्याच भल्यासाठी चाललं होतं. आयुष्यात ज्यांनी ज्यांनी माझं वाटोळं केलं, त्यातल्या प्रत्येकाने ते माझ्या भल्यासाठीच केलेलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांचं विमान उडायला लागलं. सकाळी वादळ थांबलं. संध्याकाळी विमान उठलं. तिसऱ्या दिवशी ते कुवेतला उतरलं आणि तिथे इंजिनात बिघाड निघाला. "मोठं इंजन अस्तंय त्याचं, आपल्या विहिरीवरल्यासारखं न्हाई. सामान दुसऱ्या देशातनं मागवाय लागतं," तात्यांनी मला समजावून सांगितलं. तुम्ही म्हणाल, अकरावीपर्यंत शिकलेली पोर, तिला शंका कशी आली नाही? अहो, मंचरहून सुटलेली एसटी मुंबईला पोचायला कधीकधी अर्धा दिवस जास्त घ्यायची. टायर फुटायचा, ड्रायव्हर जेवायला उतरायचा, घाटात ट्रक आडवा असायचा. चार तासांच्या वाटेला जर एवढा उशीर, तर नकाशात दीड वीत लांब असलेल्या गावाहून येणाऱ्याला चार दिवस होणारच. मी शाळेच्या जुन्या नकाशावर वीत ठेवून पाहिलंही होतं. आम्ही विमान कधी पाहिलं नव्हतं, एसटी रोज पाहत होतो, म्हणून विमानाला आम्ही एसटीच्याच मापाने मोजलं. तात्यांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

आईला कधी सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही. एवढं आठवतं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाला आली नाही. आली तेव्हा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. मासवड्यांचं पातेलं तिने उचलून तात्यांच्या घरी नेऊन दिलं. मी म्हटलं, "अगं, दादाला राहू दे ना थोड्या." ती म्हणाली, "आंबत्याल." हळद दळायला बायका जमल्या, जात्याला सुपारी-हळकुंड बांधलं, गाणी सुरू झाली. त्या गाण्यांत दर दोन कडव्यांनी भाऊ येतो. घोड्यावर बसून येतो, साडी-चोळी घेऊन येतो, बहिणीच्या दारात थांबतो. त्या दिवशी भाऊ आलाच नाही. बायकांनी सासऱ्याचं गायलं, दिराचं गायलं, आंब्याचं, मांडवाचं गायलं आणि भाऊ दिसला की कडवंच गाळून पुढे गेल्या. मला ते कळलं, पण वाटलं, दादा आलेला नाही म्हणून मला वाईट वाटू नये एवढ्यासाठी जपत असतील. खरोखर जपतच होत्या. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण त्यातल्या प्रत्येकीला पाठ होती.

हळद लागली तेव्हा विमान मुंबईच्या वाटेवर होतं. लग्नाच्या सकाळी ते उतरलं. दुपारी तात्यांनी सांगितलं की दादा जीपमध्ये बसला, माळशेजने येतोय. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. ऊन कलायला लागलं, लोणीकरांचं वऱ्हाड वाजतगाजत पारावर आलं, आणि मला बातमी मिळाली की माळशेज घाटात दादाची जीप बंद पडली आहे. आता पाहा, तात्यांनी माझ्या भावाला त्रिपोलीहून उचलून कुवेत, मुंबई, कल्याण करत कुठपर्यंत आणला! माळशेजपर्यंत. घाट चढला की जुन्नर तालुका, आमचाच मुलूख. आणखी दोन-अडीच तासांत दारात. मेलेल्या माणसाला एवढ्या जवळ आणू नये.

मी पाटावर उभी राहणार नाही म्हटलं. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात हिरवा चुडा, आणि मी आतल्या खोलीत कोपऱ्यात बसून राहिले. "घाटातच आहे ना? मग थांबा. तो येईपर्यंत मी येणार नाही." मावशी आल्या, मामा आला. तात्या आले आणि प्रथम गोड बोलले, मग आवाज चढवला. "मुहूर्त टळला तर लोणीकर वऱ्हाड माघारी न्हेतील, कळतंय का?" मी म्हटलं, "नेऊ देत. कान कोण पिळणार? तुम्ही?" आबा दारापर्यंत आले, माझ्याकडे पाहिलं आणि परत गोठ्याकडे गेले. बाहेर वाजंत्री तेच तेच वाजवत होते. भटजींनी दोनदा निरोप पाठवला.

मग आई आली. तिने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. माझ्यासमोर खाली बसली, मुंडावळ्या सरळ केल्या. तिचे हात गार होते, एवढ्या उन्हाचे. "इमल, उठ," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, तू सांग. तात्यांचं मला खरं वाटत नाही. येतोय ना तो?" तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. "येतोय. घाट चढलाय. तू उभी ऱ्हा, कान पिळायला पोचतोय बघ." तात्यांचं विमान मी चार दिवस निमूट ऐकलं, तरी आत कुठेतरी खुटखुट होती. आईचं एक वाक्य ऐकलं आणि खुटखुट गेली. मी उठले. आईने मला आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून ते एकच पुरलं.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मी अंतरपाटाच्या कडेने सारखी रस्त्याकडे बघत होते. धूळ उडाली की मला जीप वाटायची. कानपिळीची वेळ आली आणि भानुदासला पुढे केलं. तो माझ्याच वयाचा, एरवी थट्टेखोर, पण त्याने कान असा धरला, जसा तापलेला तवा धरावा. मी हसले. खरंच हसले, मोठ्याने, सगळ्या मांडवात ऐकू जाईल असं. "अरे नीट पिळ की, दादा आल्यावर तुला हसेल!" भानुदासने मान खाली घातली. नवरदेव हसला नाही. मांडवात एकसुद्धा माणूस हसलं नाही. मला तो माझा आगाऊपणा वाटला. आजही कुठल्या लग्नात कान पिळायची वेळ आली की मी उठून हात धुवायला जाते.

पाठवणीला मात्र सगळा गाव रडला. असं रडणं मी कधी पाहिलं नव्हतं. बाया तर रडतातच, पण बाप्ये, ज्यांच्याशी माझी ओळखसुद्धा धड नव्हती, ते उपरण्याने डोळे पुसत होते. आई माझ्या गळ्यात पडली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी तोवर ऐकला नव्हता, आणि नंतरही नाही. तिला दोघींनी ओढून सोडवलं. गाडीत बसल्यावर मला वाईट वाटत होतं आणि, लिहायला काय हरकत आहे, थोडा अभिमानही वाटत होता. एवढी माणसं माझ्यासाठी रडली. मी एवढी लाडकी होते हे मला माहीतच नव्हतं.

लोणीला तिसऱ्या दिवशी सत्यनारायण झाला. प्रसाद वाटून झाला, पाहुणे पांगले, तेव्हा सासूबाईंनी मला न्हाणीजवळ बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. "तुझा भाऊ वारला तिकडं परदेशात. काल तुझ्या घरी बातमी उघड केली." मी खाली बसले. त्या वाईट बाई नव्हत्या, पुढे त्यांनी माझं पुष्कळ केलं, पण त्या वेळी त्यांना रीत तेवढी माहीत होती. "हितं रडू नगं, बाई. नवी नवरी हाईस, अंगाला हळद हाय. तुला आता त्या घरचं सुतक न्हाई. डोईवरून पाणी घे, की झालं." मी न्हाणीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. तात्यांचा हिशोब चोख होता. लग्नाआधी सांगितलं असतं तर मला दहा दिवस भावासाठी रडायचा हक्क होता. लग्न लावून त्यांनी तो दोन तांब्यांवर आणला. आणि बातमी 'उघड' केली ती तिथी आमच्या घरात दादाची तिथी झाली. आजसुद्धा भानुदासची मुलं त्याच दिवशी पान वाढतात. चूक आहे, मी सांगून पाहिलं. "आता काय बदलायचं, आत्या," म्हणतात.

दादा आला तो महिनाभराने. पेटीतून. तिथे कागदपत्रं होता होता तेवढा वेळ गेला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मला माहेरी घेऊन निघाले तेव्हा जीपमध्ये शेजारी माझे यजमान होते. आम्ही अजून एकमेकांशी नीट बोलायलाही लागलो नव्हतो. रांजणीपाशी ते एकदम म्हणाले, "मला माहीत होतं." मी विचारलं, कधीपासून? "हळदीच्या आदल्या दिवशी तुमचे तात्या आमच्या घरी आले होते. वडील म्हणाले, आम्हालाही माहीत नाही असं समजा." मी विचारलं, "आणि मांडवातल्या लोकांना?" ते जीपबाहेर बघायला लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लोणीकरांना माहीत होतं, म्हणजे लग्न मोडायची भीती नव्हतीच. गावाला माहीत होतं, भावकीला होतं, गाणाऱ्या बायकांना होतं, ज्याचा कान पिळला त्याला होतं. तीनशे माणसांनी एकाच माणसापासून लपवलं होतं. अक्षता पडेपर्यंत सुतक तेवढं माझ्या एकटीच्या कानात शिरू द्यायचं नव्हतं.

पेटी उघडली नाही. उघडू नका असा निरोप होता. आबांनी अग्नी दिला. मला नवी नवरी म्हणून लांब, बाभळीखाली उभं केलं. तात्या सगळ्यांत जास्त धावपळ करत होते, लाकडं कमी पडतील म्हणून ओरडत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तात्यांशी त्यानंतर मी बोलले ते कामापुरतं. ते वारले तेव्हा मला वेळेवर निरोप मिळाला, आणि मी सावकाश गेले.

दादाला अग्नी दिला त्या वेळी मी माहेरी आठ दिवस राहिले. पेरणी तोंडावर आली होती. बियाण्याच्या शेंगा फोडायच्या होत्या, मरणामुळे पाऊस थांबणार नव्हता. दुपारी आई आणि मी ओट्यावर सूप मध्ये घेऊन बसलो. मी विचारलं, "तुला कधी सांगितलं?" ती म्हणाली, "दुसऱ्या दिशी. विहिरीवर." म्हणजे ती सगळी हळद तिने कळल्यावर दळली होती. मी म्हटलं, "आणि तरी तू मला उभी केलीस." एक शेंग तिच्याने फुटेना, ती तिने दाताखाली धरली, फोडली, दाणे सुपात टाकले. मला तिला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं, पण तिचे हात बघून धीर झाला नाही. काहीतरी मऊ बोलावं म्हणून मी म्हटलं, "पाठवणीला किती रडलीस गं तू. मला गाडीत बसल्यावरसुद्धा ऐकू येत होतं. वाटलं, आईला माझ्याशिवाय कसं करमेल."

आईने माझ्याकडे पाहिलं. त्यात माया होती की नव्हती, मी अजून सांगू शकत नाही.

"तुझ्यासाठी न्हाई रडले मी, इमल," ती म्हणाली. "चार दिस तोंड दाबून धरलं व्हतं. तुझ्या गळ्यात पडून त्याला रडून घेतलं. तेवढीच जागा व्हती." मग तिने सुपातले खवट दाणे वेचून बाजूला काढले. "तुझ्यासाठी रडायचं ऱ्हाऊनच गेलं बग."